कृपया हात लावू नये

बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात समुद्र एकदाच येतो, तो सागरी विम्याच्या प्रकरणात. त्यात जहाज बुडतं, माल भिजतो आणि दहा गुणांचा प्रश्न तयार होतो. पुढे बँकेत लागल्यावर तेवढाही समुद्र उरला नाही. त्यामुळे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पॅसिफिक महासागराच्या मध्यावर, एका बोटीच्या मागच्या फळीवर, अंगात नारिंगी जाकीट घालून मी उभा असेन, असं जर मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याच्या खात्याची केवायसी पुन्हा तपासली असती.

मासळीशी माझा संबंध आहे, पण तो डोंबिवलीच्या बाजारातला. बांगड्याचे डोळे तांबडे झाले की नाही, सुरमईचा कान उघडून बघावा की न बघावा, कोळीण 'घेनार नाय तर हात कशाला लावतोस' असं म्हणाली की कसं पुढे सरकावं, एवढं मला येतं. मासा पकडणं मात्र मी केलेलं नाही. आणि मार्लिन नावाचा मासा तर मला फक्त 'एका कोळियाने'मधून माहीत. हेमिंग्वेच्या कादंबरीचा तो पुलंनी केलेला अनुवाद मी कॉलेजात असताना वाचला होता. त्यातला म्हातारा चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परततो, हे वाचून 'याला पगारी रजा असती तर बरं झालं असतं' असं मला वाटलं होतं. माझा पिंड पहिल्यापासून बँकेचाच.

तर मुद्दा असा, की आमचा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, कॅलिफोर्नियात असतो. 'ताई, एकदा या ना,' असं तो बारा वर्षं म्हणत होता आणि आम्ही बारा वर्षं 'बघू' म्हणत होतो. हा व्यवहार दोन्ही पक्षांना सोयीचा होता. बँकेची रजा-प्रवास सवलत समुद्र ओलांडत नाही, हे माझं हुकमी कारण. पण गेल्या वर्षी त्यानं परस्पर तिकिटंच पाठवली. वर फोनवर म्हणाला, "भाऊजी, तुम्हाला हवाईला नेतो. कोनाला. मोठ्या माशाची शिकार करू."

"शिकार कशाला? मिळत नाही का बाजारात?" मी म्हणालो.

यावर तो हसला. अमेरिकेत राहिलेली माणसं आपल्या खऱ्या शंकांना हसतात.

आता घरातल्या तिसऱ्या माणसाबद्दल सांगायला हवं. चिरंजीव त्याच मार्चमध्ये अठरा वर्षांचे झाले होते आणि बारावीचा निकाल लागायचा होता. त्यांना पुढे भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. मला त्यांनी बी. कॉम. करून बँकेची परीक्षा द्यायला हवी होती. मी त्यांचा प्रवेश अर्ज स्वतः, सुवाच्य अक्षरात, कॉमर्सला भरून ठेवला होता. तेव्हापासून ते माझ्याशी 'हो', 'नाही' आणि 'जेवण झालं' एवढ्या तीनच वाक्यांत बोलत.

शिवाय एक खात्याचं प्रकरण होतं. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्या माणसाला 'अज्ञान' म्हणतात आणि अठरा पूर्ण झाले की तो 'सज्ञान' होतो. अज्ञानाच्या खात्यावर पालकाची सही चालते. सज्ञान झाला की पालकाचा अधिकार संपतो, नवा फॉर्म भरायचा, मुलाच्या सहीचा नमुना घ्यायचा. काउंटरवर बसून मी शेकडो आईबापांना हे समजावलं आहे. 'अहो काका, आता तुमची सही नाही चालणार, त्याला आणा' असं मी निर्विकार चेहऱ्यानं सांगत असे. माझ्या स्वतःच्या मुलाचा फॉर्म मात्र माझ्याच ड्रॉवरमध्ये पडून होता. इतकी घाई काय आहे, असं मी ड्रॉवरला दर सोमवारी सांगत होतो.

कॅलिफोर्नियातून विमानानं पाच-साडेपाच तासांवर हवाई. त्या बेटांतलं सगळ्यात मोठं बेट म्हणजे हवाईच, आणि त्याचा पश्चिम किनारा म्हणजे कोना. विमानतळावरून निघालो तर दोन्ही बाजूंना काळा, करपलेला दगड. हिला वाटलं, रस्त्याचं डांबर सांडलंय. पण चिरंजीवांच्या चेहऱ्यावर मात्र, आपल्याकडे पहिल्या पावसात येतं तसं काहीतरी आलं. तीन वाक्यांवरचा मुलगा एकदम बोलायला लागला.

"मामा, हा हुआलालाईचा लाव्हा ना? १८०१चा?"

मग त्यानं सांगितलं की हुआलालाई आठ हजार फुटांच्या वर आणि त्याच्यामागचा मौना लोआ साडेतेरा हजारांच्या वर. मौना लोआ २०२२ साली पुन्हा फुटला होता. ईशान्येकडून वर्षभर व्यापारी वारे वाहतात, ते या डोंगरांवर अडतात आणि म्हणून कोनाचा समुद्र आडोशाला, शांत. बेट म्हणजे समुद्राच्या तळापासून उभा राहिलेला ज्वालामुखीच असल्यामुळे किनारा सोडला की तळ एकदम खाली जातो. चार-पाच मैलांत सहा हजार फूट पाणी. दुसरीकडे मोठ्या माशासाठी तासन् तास बोट हाकावी लागते. इथे बंदराचा धक्का दिसत असताना गळ टाकता येतो.

'व्यापारी वारे' एवढ्या शब्दालाच मी मान डोलावली. बाकीचं ऐकताना मी त्याच्याकडे बघत होतो. हे सगळं याला कधी कळलं? माझ्याच घरात राहून?

दुसऱ्या दिवशी पहाटे होनोकोहाऊ नावाच्या बंदरावर गेलो. बोट भाड्यानं घेतलेली. सोबत एक कप्तान आणि एक खलाशी. सहा जणांपर्यंत नेता येतात, पण आम्ही चौघंच. एका दिवसाचं भाडं मेहुण्यानं मला सांगितलं नाही. मी काढून घेतलं. मग मात्र, न विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. तेवढ्यात डोंबिवलीत आमच्या घरी दोन वर्षं रोज पापलेट झालं असतं, आणि गुरुवारी शेजाऱ्यांना देता आलं असतं.

"ठीक आहे," मी म्हणालो, "पण मासा मिळाला तर वसूल."

"मासा आपला नसतो, भाऊजी. इथला रिवाज आहे. मासा बोटीचा. कप्तान तो विकतो. आपल्याला द्यायचाच झाला तर एखादा तुकडा देतो."

वाचकहो, पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी असा व्यवहार पाहिलेला नाही. भाडं आपलं, कष्ट आपले, उन्हात करपायचं आपण, वर खलाशाला बक्षिसी आपली, आणि ठेव दुसऱ्याच्या नावावर! मी तोंड उघडणार, एवढ्यात बोटीवर आरडाओरडा झाला.

झालं होतं ते असं. त्या दिवशी संकष्टी होती. हिनं उपासाचं म्हणून पिशवीत सहा केळी घेतली होती. ती खलाशाला दिसली. त्यानं, पिशवीत साप असावा तसा हात मागे घेतला. बोटीवर केळी म्हणजे साक्षात अपशकुन! केळं असलं की मासा लागत नाही, इंजिन बिघडतं, माणूस पाण्यात पडतो. कारण विचारलं तर प्रत्येकाचं वेगळं. कुणी म्हणतं पूर्वी केळ्यांच्या जहाजांत विषारी कोळी निघत. कुणी म्हणतं केळी पिकायच्या आत पोचवायची म्हणून ती जहाजं इतकी वेगात जात की मासे धरायला वेळच नसे. पण श्रद्धा मात्र एकमुखी.

"गणपतीला चालतं ते यांच्या माशाला चालत नाही?" हिनं मराठीत विचारलं. सुदैवानं कप्तानाला कळलं नाही.

मी तोडगा सुचवला. "अगं, इथे सकाळचे सात वाजलेत. म्हणजे डोंबिवलीत रात्रीचे साडेदहा. तिथे चंद्रोदय होऊन गेला. तुझा उपास सुटला."

"चंद्र जिथे असाल तिथला धरायचा असतो," ही म्हणाली. या बाबतीत तिचा अभ्यास माझ्या सागरी विम्यापेक्षा पक्का आहे.

शेवटी केळी धक्क्यावरच संपवायची ठरली. मेहुण्यानं एक खाल्लं, हिनं एक. चिरंजीवांनी 'नाही' हे वाक्य वापरलं. उरलेली चार, वाया कशी घालवायची म्हणून, मी खाल्ली. पोटातली केळी बोटीवर चालतात का, याची कप्तानानं थोडा वेळ काळजी केली, पण नियमात तशी तरतूद नव्हती.

बोट निघाली. अर्ध्या तासात पाण्याचा रंग शाईसारखा झाला. पूर्वी स्टँप पॅडला घालायचो ती शाई. खलाशानं मागे पाच गळ सोडले, काही दोन्ही बाजूंच्या लांब काठ्यांवरून. आमिष म्हणजे खरा मासा नव्हे. पारदर्शक डोक्याची, रंगीत झालरीची बाहुली. बोट सात-आठ नॉटनं चालते, बाहुली फेसातून उड्या मारत येते आणि मार्लिनला वाटतं, जेवण पळतंय. ही बाहुली कोनाच्याच जुन्या कप्तानांची करामत. हेन्री ची नावाचे नामांकित कप्तान होऊन गेले, ते आणि त्यांच्या काळचे लोक न्हाणीघरातल्या टॉवेलच्या दांडीचे तुकडे नाहीतर बारमधले पेले साचे म्हणून वापरून ही डोकी ओतत, असं खलाशी सांगत होता. आमच्या न्हाणीघरातल्या टॉवेलच्या दांडीचा असा काही उपयोग होईल, हे मला सुचलं नव्हतं. ती नुसतीच पडते.

मग काही घडलं नाही. बराच वेळ काही घडलं नाही. हा खेळ पुष्कळसा बँकेच्या सर्व्हरसारखा आहे. सगळे एका दिशेला बघत बसतात आणि कुणी काही करू शकत नाही. मला मात्र मधल्या काळात चारही केळ्यांची स्वतंत्रपणे आठवण येत होती.

साडेनऊला एक गळ करकरला. चिठ्ठ्या टाकून पहिला नंबर मेहुण्याचा होता. त्यानं दहा मिनिटांत लांबलचक, पट्ट्यापट्ट्यांचा मासा ओढून आणला. 'ओनो.' हवाईच्या भाषेत ओनो म्हणजेच चविष्ट. म्हणजे माशाचं नाव आणि पाककृती एका शब्दात. मी प्रेमानं त्याच्याकडे पाहिलं. खलाशानं तो बोटीच्या नावावर जमा करून पेटीत टाकला.

दुसरा नंबर माझा. पण मागच्या बाजूला जमिनीला बोल्ट मारून बसवलेली ती खुर्ची मी नीट पाहिली. दंतवैद्याच्या आणि न्हाव्याच्या खुर्चीचं लग्न लावावं तशी. हात टेकायला दांडे, पाय रोवायला फळी, मांडीशी काठी रोवायला खोबण, आणि पाठीला पट्टे. माझ्या बँकेतल्या खुर्चीला चाकं आहेत; संकट आलं तर मागे सरकता येतं. इथे तशी सोय नव्हती. मी मोठ्या मनानं माझा नंबर चिरंजीवांना देऊन टाकला. पालक म्हणून. ही माझी शेवटची पालकीय सही, हे तेव्हा कळलं नाही.

खलाशानं नियम सांगितले. मासा लागला की काठी ज्यानं उचलायची त्यानंच उचलायची. त्यानंतर काठी, चक्री आणि दोरी यांना दुसऱ्या कुणाचाही हात लागता कामा नये. दुसरा हात लागला की तो मासा त्या माणसाचा नाही. आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशन म्हणून संस्था आहे, १९३९ची, तिचा हा नियम. विक्रमांची वही तिच्याकडे असते.

"मग बाकीच्यांनी काय करायचं?" मी विचारलं.

"खुर्ची फिरवायची. मासा जिकडे जाईल तिकडे खुर्चीचं तोंड. तेवढं चालतं."

ते काम माझ्याकडे आलं.

दहा वाजून गेले असतील. आधी नुसती पाण्यात एक सावली दिसली. मग बाहुलीमागे पाणी फुटलं आणि चक्री अशी किंचाळली की हिनं 'अहो!' म्हणून माझा हात धरला. कप्तान वरून ओरडला. चिरंजीव उठले, काठी खोबणीतून काढली, खुर्चीत बसले, पट्टे लागले. तेवढ्यात, बोटीपासून शंभर-दीडशे वार लांब, तो मासा पाण्याबाहेर आला. अख्खा. निळा म्हणजे किती निळा! नाकावर भाला, अंगावर ऊन, आणि मान झटकत शेपटीवर चालल्यासारखा. माझं तोंड उघडं राहिलं. बाजारात गेली पंचवीस वर्षं मी ज्यांना मासे समजत होतो, ते याचे निवृत्तीवेतनधारक असावेत.

"तीनशे पौंड," खलाशी म्हणाला. म्हणजे एकशे छत्तीस किलो. चिरंजीव, सकाळच्या न खाल्लेल्या केळ्यासकट, बावन्न किलो.

त्यानंतरचा एक तास मी आयुष्यात विसरणार नाही. काठी हळूहळू वर उचलायची, मग खाली आणताना भराभर चक्री फिरवायची. पाच फूट दोरी जमा. मग मासा पन्नास फूट काढून नेतो. असलं खातं मी पाहिलेलं आहे, पण ते माझं आहे. पोराचे दंड थरथरायला लागले. कपाळाचा घाम डोळ्यांत. मी खुर्चीच्या पाठीला धरून मागे उभा. आणि माझी जीभ थांबेना.

"अरे, पाय रोव. घाई करू नकोस. आता ओढ! आता नको. पाणी पी. पाणी पिऊ नकोस, आता ओढ!"

खलाशानं माझ्याकडे बघून मेहुण्याला विचारलं, "यांनी पूर्वी किती मार्लिन पकडलेत?"

मी गप्प झालो. पण हात गप्प बसेनात. अठरा वर्षांची सवय आहे त्यांना. दप्तर भरणं, वह्यांना कव्हरं घालणं, सायकलची सीट मागून धरणं, अर्ज भरणं. काठी माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. ती वीत म्हणजे काय, ते सगळ्या आईबापांना ठाऊक आहे.

चाळीस-पंचेचाळीस मिनिटं झाली असतील. मासा एकाएकी सरळ खाली गेला. त्या सहा हजार फुटांकडे. काठीचं टोक पाण्याला टेकलं. चिरंजीव खुर्चीतून अर्धे उचलले गेले, त्यांचा डावा हात घसरला, आणि

आणि मी काठी धरली. दोन्ही हातांनी. वाचकहो, विचार करून नाही. विचार केला असता तर मी केली असती एखादी नोंद, मागितली असती एखादी परवानगी.

"बाबा, सोडा!"

अठरा वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदा ओरडला. मी सोडली. किती वेळ धरली असेन? दोन सेकंद. पण सोडली तेव्हा खलाशी कपाळाला हात लावून उभा होता, आणि चिरंजीव माझ्याकडे न बघता पुन्हा ओढायला लागले होते. मी दोन्ही हात खिशात घातले. खुर्ची मेहुण्यानं फिरवली.

आणखी वीस-पंचवीस मिनिटांनी मासा बोटीला लागला. दोरीचं शेवटचं जाड टोक मदतनिसानं धरलेलं चालतं, ते खलाशानं हातमोजे घालून धरलं. मासा कुशीवर होता. ताटाएवढा डोळा, म्हणजे मला तसा दिसला. खांद्याजवळ एक लहानशी खूणचिठ्ठी टोचली, गळ काढला, थोडा वेळ बोटीबरोबर पुढे नेऊन त्याच्या कल्ल्यांतून पाणी जाऊ दिलं, आणि सोडून दिला. पुन्हा कधी कुणाला सापडला तर कुठून कुठे गेला, किती वाढला, ते त्या चिठ्ठीवरून कळतं. म्हणजे बँकेचंच काम, फक्त खातेदार पोहतो.

"एवढा मोठा म्हणजे बहुधा मादी," कप्तान म्हणाला. "नर तीनशेच्या वर सहसा जात नाहीत."

"तरीच," ही म्हणाली, "एवढं ऐकून घेतलं नाही."

सगळे टाळ्या वाजवत होते. मेहुणा फोटो काढत होता. चिरंजीव खुर्चीतच बसून होते. हात मांडीवर उलटे पडलेले, तळवे सोललेले. मी जवळ गेलो. काय बोलावं कळेना, म्हणून म्हणालो, "छान पकडलास."

"मी नाही पकडला," तो म्हणाला. आवाज शांत होता. "तुमचा हात लागला."

मला दिलेल्या ठोशांत हा सर्वांत हलका आणि सर्वांत खोल.

मेहुण्यानं कप्तानाला काय ते सांगितलं असावं. तो खाली आला, चाक खलाशाकडे दिलं आणि आमच्यासमोर पेटीवर बसला. म्हणाला, "एक गोष्ट ऐका. १९७० साली, इथून पलीकडे ओआहू बेटावर, कॉर्नेलियस चॉय नावाचे कप्तान होते. त्यांच्या बोटीवर एक निळा मार्लिन मिळाला. वजन १,८०५ पौंड."

"८१९ किलो," मी सवयीनं म्हणालो.

"पोटात दीडशे पौंडांच्या आसपासचा टूना निघाला. गळानं धरलेला याहून मोठा मार्लिन कुणाला माहीत नाही. पण विक्रमाच्या वहीत तो नाही. कारण बोटीवरच्या मंडळींनी काठी आळीपाळीनं धरली होती. वहीतला पॅसिफिकचा विक्रम इथला, कोनाचा, १९८२चा. १,३७६ पौंड. एका माणसाचा."

मी मनात वजाबाकी केली. फरक ४२९ पौंड. एवढी मोठी रक्कम जगात सगळ्यांना माहीत आहे आणि कुठल्याच वहीत जमा नाही, का, तर हात अनेकांचे लागले. बिचाऱ्यांचा हेतू वाईट नसणार. मदतच करत असणार.

"पण आज विक्रम कुठे होता?" कप्तान चिरंजीवांना म्हणाला. "तास-सव्वा तास खुर्चीत कोण होतं, ते मी वरून पाहिलंय. दोन सेकंदांचं मला दिसलं नाही. ऊन फार होतं." आणि त्यानं खिशातून एक कार्ड काढलं. माशाच्या अंगावरच्या चिठ्ठीचा नंबर, जात, अंदाजे वजन, जागा, आणि पकडणाऱ्याचं नाव.

कार्ड आणि पेन. वाचकहो, माझा हात आपोआप पुढे गेला. फॉर्म दिसला की माझा हात जातोच. झोपेतही जात असावा. अर्ध्या वाटेवर मला तो दिसला. माझाच हात, पण मी तो पहिल्यांदाच पाहत होतो. मी तो मागे घेतला आणि टोपी नीट केल्यासारखं केलं. टोपी नव्हती.

कप्तानानं आमचं नाव दोनदा विचारलं, दोनदा लिहायचा प्रयत्न केला आणि कार्ड चिरंजीवांपुढे धरलं. "तूच लिही बाबा."

सोललेल्या बोटांत पेन धरून त्यानं लिहिलं. मी वाकून बघितलं नाही. म्हणजे, फारसं वाकलो नाही. नाव, मध्ये माझं नाव, मग आडनाव. आपल्याकडे लिहितात तसं पूर्ण.

कप्तानानं वाचायचा प्रयत्न केला. "आणि हे मधलं कोण?"

चिरंजीवांनी बोटानं मला दाखवलं. मग माझ्याकडे वळून, त्या दिवसात पहिल्यांदा हसत, मराठीत म्हणाले, "बाबा मध्येमध्ये असतातच."

मी समुद्राकडे बघत राहिलो. ऊन फार होतं, कप्तान म्हणाला ते खरंच होतं.

परत येताना कप्तानानं ओनोचा चांगला हातभर तुकडा कागदात गुंडाळून दिला. मी त्याच्याबद्दल मनात आणलेले सगळे आक्षेप मागे घेतले. धक्क्यावर उतरल्यावर हिनं पर्स उघडली आणि त्यातून केळ्याच्या वेफर्सचं पाकीट काढलं. सकाळपासून तिथंच होतं. "उपासाला दिवसभर काय वारा खायचा होता?" ती म्हणाली. मी खलाशाकडे पाहिलं. तो बोट धूत होता. मी त्याला काही सांगितलं नाही. माणसाच्या श्रद्धेला उगाच हात लावू नये.

तो तुकडा दुसऱ्या दिवशी खाल्ला. रात्री चंद्र आठच्या पुढे कधीतरी उगवला, कोनाचाच.

डोंबिवलीला आल्यावर सोमवारी बँकेत गेलो. ड्रॉवरमधून फॉर्म काढून चिरंजीवांना बोलावून घेतलं. ते काउंटरच्या पलीकडे उभे राहिले आणि मी अलीकडे बसलो. फॉर्म त्यांनी भरला. एका ठिकाणी पिनकोड चुकत होता. मी बघत होतो. चुकू दिला. मग त्यांनीच खोडून नीट केला. खाली सहीच्या नमुन्याचे चौकोन. तीन चौकोनांत त्यांनी तीन वेगळ्या सह्या केल्या. अजून बसलेली नाही.

"जुळत नाहीत," मी म्हणालो. "नवा फॉर्म देतो."

त्यांनी पिशवीतून दुसरा एक कागद काढून काउंटरवर ठेवला. कॉलेजचा प्रवेश अर्ज. कोरा. "हा मी आज भरणार आहे," ते म्हणाले. "तुम्हाला बघायचा असेल तर बघा."

मी दोन्ही हात काउंटरखाली घेतले आणि खुर्ची थोडी फिरवली. चाकं आहेत तिला. तेवढं चालतं.